माती हवी, घाण नको

‘आमच्या वेळी एवढे आजार नव्हते हो! चिखलात वाढलो, विहिरीचं पाणी प्यायलो, पेज जेवलो, काही झालं नाही. आताची पोरं दहादा हात धुतात आणि तरी सदा नाक गळतंच!’ पेडण्याच्या बाजारात, देवळाच्या पायरीवर किंवा लग्नाच्या मांडवात हे बोलणं कधी ऐकलं नाही असा माणूस विरळा. घरात मात्र हे बोलणं बहुतेक वेळा सुनेच्या वाट्याला येतं. मुलाला दमा असला, अंगावर पित्त उठत असलं, की ‘तूच त्याला फार जपतेस, मातीत जाऊ देत नाहीस’ असा ठपका तिच्यावर येतो. रात्र रात्र मुलाची छाती शेकत बसलेल्या आईला हा शब्द फार लागतो. म्हणूनच या बोलण्यात खरं किती आणि सांगोवांगीचं किती, हे शांतपणे पाहायला हवं.

‘काही झालं नाही’ कोणाला?

पहिली गोष्ट म्हणजे, ‘आम्हाला काही झालं नाही’ असं सांगायला जे जगले तेच येतात. पाळण्यातच गेलेली भावंडं साक्ष द्यायला येत नाहीत. जुन्या घरांतल्या आजींना विचारा, किती बाळंतपणं झाली आणि किती मुलं वाढली. या दोन आकड्यांमधलं अंतर बरंच काही सांगून जातं. देवीच्या रोगाचा देशातला शेवटचा स्थानिक रुग्ण १९७५ साली आढळला, म्हणजे ही काही फार जुनी गोष्ट नव्हे. जुलाब, हगवण, विषमज्वर, अनवाणी पायांतून शिरणारे आणि रक्त पिणारे आकडीचे जंत हे सगळं त्याच ‘चांगल्या’ दिवसांत होतं. आज अर्भकमृत्यूचं प्रमाण देशात सर्वांत कमी असलेल्या राज्यांत गोव्याची गणना होते. लसी, दवाखान्यातली बाळंतपणं, नळाचं पाणी आणि संडास यांचा त्यात मोठा वाटा आहे. तेव्हा स्वच्छतेला नावं ठेवण्याआधी तिने काय दिलं ते विसरू नये.

मग हा विचार आला कुठून?

तरीही वडीलधाऱ्यांचं म्हणणं अगदीच फोल नाही. १९८९ साली डेव्हिड स्ट्रॅचन या इंग्रज संशोधकाने ब्रिटनमधल्या १७ हजारांहून अधिक मुलांची माहिती तपासली. ज्या घरात मोठी भावंडं जास्त, तिथल्या धाकट्या मुलांना परागकणांमुळे होणारी सर्दी कमी, असं त्यांना दिसलं. लहानपणी भावंडांकडून होणारे संसर्ग कमी झाले म्हणून अॅलर्जी वाढली असावी, असा तर्क त्यांनी मांडला. ‘फार स्वच्छता वाईट’ हे वाक्य तिथून जगभर पसरलं.

पुढच्या संशोधनाने मात्र या तर्काला वेगळं वळण दिलं. गोवर, हगवण यांसारखे आजार अंगावर काढल्याने कोणी अॅलर्जीपासून वाचत नाही. उलट काही विषाणूंच्या संसर्गाने दमा बळावतो. २००३ साली ग्रॅहम रूक यांनी सांगितलं की, आपल्याला उणीव भासते ती रोगजंतूंची नव्हे, तर ‘जुन्या मित्रांची’. माती, झाडपाला, गुरंढोरं यांच्यासोबत माणूस हजारो वर्षं राहिला. त्यांच्यातले निरुपद्रवी सूक्ष्मजीव बाळाच्या शरीरातल्या रोगप्रतिकारक शक्तीला शिकवतात की शत्रू कोण आणि आपलं कोण. ही शिकवण अपुरी राहिली, तर ती शक्ती धुळीच्या कणावर किंवा शेंगदाण्यावरही तुटून पडते.

याचं चांगलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. आमिश आणि हटराइट हे दोन शेतकरी समाज. मूळ वंश, खाणंपिणं, राहणी बरीचशी सारखी. आमिश लोक जुन्या पद्धतीने शेती करतात, त्यांचा गोठा घराला लागून असतो आणि मुलं त्यात खेळतात. हटराइटांची शेती यंत्रांची आणि गोठे घरांपासून दूर. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आमिश शाळकरी मुलांत दम्याचं प्रमाण ५.२ टक्के, तर हटराइट मुलांत २१.३ टक्के असल्याचं नमूद आहे. लक्षात घ्या, आमिश घरं घाणेरडी नसतात. फरक पडतो तो गोठ्याच्या धुळीने.

चिखल खेळा, पण धुवा

आपल्याला मातीचं वावडं कधीच नव्हतं. पेडणे तालुक्यात गावोगावी सातेरी वारुळाच्या रूपात पुजली जाते. माशेलला आषाढातल्या चिखलकाल्यात लहानथोर देवळासमोर चिखलात लोळतात. पण तो चिखल धुतल्याशिवाय कोणी पानावर बसत नाही. यातच सगळं आलं.

कारण सगळीच माती ‘जुना मित्र’ नसते. पावसाळ्यात शेतात साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळतं आणि पायाच्या जखमेतून लेप्टोस्पायरोसिस शिरतो. वेळीच औषध मिळालं नाही तर धडधाकट शेतकरीही त्यात दगावतो. रानातल्या गोचिडांमुळे होणारा माकडताप २०१५ मध्ये सत्तरीत आणि २०१६ मध्ये शेजारच्या दोडामार्ग तालुक्यात आला. काजूच्या बागांत राबणारी माणसं त्यात बळी पडली. निसर्गाच्या जवळ राहिलं की आपोआप आरोग्य मिळतं, असं नाही.

साध्या साबणाने हात धुतल्याने जुलाबाचे प्रसंग साधारण एक तृतीयांशाने कमी होतात. एवढं स्वस्त औषध दुसरं नाही. मात्र ‘जंतू मारणारा’ म्हणून जाहिरात होणारा महागडा साबण घरात आणायची गरज नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली ट्रायक्लोसानसह १९ जंतुनाशकं घरगुती साबणांतून काढायला लावली, कारण साध्या साबणापेक्षा त्यांचा अधिक उपयोग होतो हे कंपन्यांना दाखवता आलं नाही. सर्दीपडशाला स्वतःच्या मनाने अँटिबायोटिकच्या गोळ्या घेणं तर त्याहून वाईट. त्याने पोटातले मित्रही मरतात.

खरा बिघाड ताटात

आता जेवणाकडे वळू. २०२३ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे आकडे आले. देशात मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के आणि गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे सर्वांत जास्त. याचा दोष साबणाला देता येणार नाही. वाढतं आयुर्मान, बैठी कामं, दाराशी दुचाकी, हातात पाकीट हीच कारणं त्यामागे दिसतात.

सकाळी दहाची उकड्या तांदळाची पेज, सोबत सुक्या बांगड्याची किसमूर किंवा मिठातलं आंब्याचं तोर हे आपलं जुनं खाणं. उकडा तांदूळ करताना भात भिजवून वाफवतात. त्यात कोंड्यातलं ‘ब-१’ जीवनसत्त्व दाण्यात मुरतं. १८९०च्या दशकात जावा बेटावर डॉ. आइकमन यांनी सडलेल्या पांढऱ्या तांदळावर कोंबड्या पोसल्या, तर त्यांचे पाय लुळे पडले. कोंड्यासह तांदूळ दिल्यावर त्या सुधारल्या. या शोधासाठी त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. कुळीथ, नाचणी, तायकिळा, अळू यांतला चोथा आतड्यातल्या उपयोगी जंतूंचं अन्न असतो. मैद्याची बिस्किटं आणि दोन मिनिटांच्या शेवयांनी त्या जंतूंची उपासमार होते.

पण इथेही भाबडेपणा नको. २०२५ साली त्याच पाहणीच्या पुढच्या अभ्यासातून दिसलं की, भारतीयांच्या एकूण उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात. शिवाय तांदळाच्या जागी नुसतं गव्हाचं किंवा नाचणीचं पीठ घेऊन धोका कमी होत नाही. पिष्ट एकूणच कमी करून डाळी, कडधान्यं, दूध वाढवलं तर तो कमी होतो. आपल्या आजोबांना डोंगराएवढा भात पचत होता, कारण पेज पिऊन ते वायंगण शेतात दिवसभर राबत होते. खुर्चीवर बसणाऱ्याने तेवढाच भात जेवला तर उकडा असला तरी तो अंगाशी येईल.

घरात काय करावं?

मुलांना परसात, शेताच्या बांधावर, गुरांच्या आसपास मनसोक्त खेळू द्या. कपडे मळले म्हणून ओरडू नका. घरी आल्यावर, जेवणाआधी आणि संडासहून आल्यावर साध्या साबणाने हात धुवायला लावा. दूध उकळूनच द्या, कच्चं दूध नको. विहीर आणि संडासाचा खड्डा यांत निदान १५ मीटर अंतर ठेवा. मोपा विमानतळानंतर तालुक्यात घरं, हॉटेलं झपाट्याने उभी राहत आहेत, तेव्हा शेजारच्या बांधकामाकडेही लक्ष असू द्या. लसी चुकवू नका. आठवड्यातून चार दिवस तरी कुळीथ, चवळी, मूग ताटात असू द्या आणि भाताचा डाव एकाने कमी करा. पोदेराची पोई घेताना ती आतूनही कोंड्याची आहे ना, हे बघा. तिशी उलटली की वर्षातून एकदा रक्तातली साखर तपासा.

आणि ज्या मुलाला आधीच दमा आहे त्याला ‘जरा मातीत लोळव, बरा होईल’ असा सल्ला देऊ नका. मातीशी ओळख जन्मापासूनच्या पहिल्या काही वर्षांत व्हावी लागते, आणि तीही रोग टाळेलच अशी हमी कोणी देत नाही. दम्याला डॉक्टरांनी दिलेला फवारा नियमाने घेणं हाच उपाय. त्या मुलाच्या आईला बोल लावण्याऐवजी रात्री तासभर तिच्या जागी बसलात, तर घराचं आरोग्य त्यानेही सुधारेल.