प्रश्न एकदाच विचारा!

समजा, तुम्ही कोरेगावच्या शाळेत शिकता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे आपल्याच सातारा जिल्ह्यात, कोयनानगरला, ६.३ रिश्टरचा भूकंप झाला, हे तुम्ही आजोबांकडून ऐकले आहे. धरणाच्या पाण्याचा आणि भूकंपाचा संबंध काय, याचा अभ्यास अजूनही चालू आहे. केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाची त्यासाठी कराडला प्रयोगशाळा आहे. कोयना परिसरात सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र २०१७ मध्ये पाडण्यात आले. पुढे काय आढळले, हे तुम्हाला कसे कळावे? रोज संगणकापुढे बसून शोधत राहणे काही शक्य नाही.

यावरची युक्ती जुनीच आहे. १९५८ मध्ये हान्स पीटर लून या संगणकतज्ज्ञाने सुचवले, की प्रत्येक वाचकाच्या आवडीचे शब्द यंत्रात साठवावेत. नवा मजकूर आला की यंत्राने तो ताडून पाहावा व जुळला तरच वाचकाला कळवावे. २००३ मध्ये सुरू झालेली ‘गूगल अलर्ट्स’ ही सोय याच तत्त्वावर चालते. एरवी आपण प्रश्न घेऊन पानांकडे जातो. येथे प्रश्न जागेवर राहतो आणि नवी पाने त्याच्यापुढून जातात. जुळलेल्या पानांचे दुवे ई-मेलने येतात. रोज की आठवड्यातून एकदा, हे तुम्ही ठरवायचे.

आता एक प्रयोग करा. शिक्षकांच्या मदतीने नुसता ‘कोयना’ शब्द नोंदवून पाहा. धरणातील पाणीसाठा आणि कोरेगाववरून जाणारी कोयना एक्सप्रेस यांच्याच बातम्या अधिक येतील! यंत्राला अक्षरे जुळवता येतात, तुमच्या मनातले ओळखता येत नाही. म्हणून ‘कोयना भूकंप संशोधन’ असे नेमके शब्द द्या. नको असलेल्या शब्दाआधी वजाचे चिन्ह घाला. संशोधनलेख बहुधा इंग्रजीत असतात. तेव्हा इंग्रजी शब्दांचीही वेगळी नोंद करा.

मात्र एक सावधगिरी बाळगा. ‘अमुक तारखेला मोठा भूकंप होणार’ अशी अफवाही याच टपालातून येऊ शकते. भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगण्याची विद्या अजून कोणालाच साधलेली नाही. म्हणून लिहिणारा कोण, त्याने मोजमाप कसे केले, हे आधी पाहा. निवडणे यंत्राचे काम, पारखणे तुमचे. पारखलेली एक बातमी दरमहा शाळेच्या भित्तिपत्रकावर लावाल ना?