कुलूपबंद किमतींची पंचेचाळीस वर्षे

पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. 39 फुटांवर इशारा, 43 फुटांवर धोका. पावसाळ्यात हे आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पातळी पाहून सूचना देणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली, तर तिच्यात तीन आकडे येतील. सध्याची पातळी तासातासाला बदलणार. बाकीचे दोन मात्र खुद्द लिहिणाऱ्यालाही मध्येच बदलता येता कामा नयेत. घाईत नवी 45 फुटांची नोंद धोका पातळीच्याच नावात भरली गेली, तर तुलना मागच्या कमी आकड्याशी होईल आणि इशारा निघणारच नाही. स्क्रिप्ट तक्रारही करणार नाही.

यावरचा उपाय जुना आहे. 1979 साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बॉर्न यांचे शेल आले, त्यात ‘रीडओन्ली’ ही आज्ञा होती. 1989 च्या बॅश शेलनेही ती ठेवली. नावापुढे ती लावली, की शेल चालू असेपर्यंत किंमत बदलत नाही आणि ते नाव पुसूनही टाकता येत नाही. एक फट मात्र राहते. हेच व्हेरिएबल एक्सपोर्ट करून दुसऱ्या स्क्रिप्टला दिले, तर किंमत पोहोचते, कुलूप पोहोचत नाही. तिथे ते पुन्हा लावावे लागते.

नंतरच्या स्क्रिप्टिंग भाषांनी हा धडा लगेच घेतला नाही, याचे मला आजही वाईट वाटते. झटपट काम हा त्यांचा बाणा होता, बंधने नकोशी होती. पायथॉनने तर सगळे शिस्तीवर सोपवले: तिच्या लेखनसंकेतांनुसार न बदलणारे नाव मोठ्या लिपीत लिहायचे, बस. पायथॉन 3 मध्ये मराठी नावे चालतात, पण देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत. त्यामुळे ‘धोका_पातळी’ला तेवढीही खूण मिळत नाही. 2019 मध्ये 3.8 आवृत्तीत ‘फायनल’ आले. तेही तपासणीच्या साधनांपुरते. प्रोग्रॅम चालताना कोणी अडवत नाही.

जावास्क्रिप्टच्या प्रमाणित आवृत्तीत ‘कॉन्स्ट’ जून 2015 मध्ये आले आणि एक गैरसमज घेऊन आले. त्याने नाव बांधले जाते, आतला माल नाही. ‘कॉन्स्ट’ यादीला दुसरी यादी नेमता येत नाही, पण तिच्यात नवा आकडा खुशाल ढकलता येतो. ते थांबवायला ‘फ्रीझ’ लागते, आणि तेही वरच्या थरापुरतेच. यादीच्या आत दुसरी यादी असेल तर ती उघडीच राहते. पुढे लुआने 2020 मध्ये आणि पीएचपीने 2021 मध्ये आपापली कुलुपे आणली.

हा प्रश्न फक्त संगणकवाल्यांचा नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या मशीन शॉपमध्ये सीएनसीवर जॉब काढणाऱ्यांना तो हाताला लागतो. फानुक कंट्रोलच्या मॅक्रोत व्हेरिएबलना क्रमांक असतात. 500 पासून पुढच्यांतली किंमत वीज गेली तरी टिकते, म्हणून कायमची मापे तिथे ठेवतात. 6031 आणि 6032 या पॅरामीटरमध्ये पहिला व शेवटचा क्रमांक भरला, की मधले सगळे बंद. मॅक्रोने तिथे काही लिहायचा प्रयत्न केला, की 116 क्रमांकाचा अलार्म येतो. मला ही पद्धत सर्वांत पटते, कारण चुकीच्या मापावर टूल पुढे गेले तर जॉब तरी जातो, नाहीतर टूल तरी.

प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्यांना एक विनंती. व्हेरिएबल शिकवाल त्याच तासाला न बदलणारी किंमतही शिकवा, आणि भाषा पायथॉन असेल तर मोठ्या अक्षरांनी ती बंद होत नाही, हे पडद्यावर चालवून दाखवा.