काजळी, गंज आणि सायलेन्सरचं टोक

दसऱ्याला गाडी धुताना बॉनेट, काचा, चाकं सगळं लखलखीत होतं आणि सायलेन्सरचं टोक शेवटी हाती लागतं. तोवर उत्साह संपलेला असतो. मग घरात सापडेल ते घेऊन घासाघाशी सुरू होते: भांड्यांची तारेची घासणी, लिंबू-मीठ, पितांबरी, अगदीच इरेला पेटलेल्यांच्या हाती संडास साफ करायचं ॲसिड. ‘स्टेनलेस स्टील आहे, त्याला काय होतंय!’ हा त्यामागचा भरवसा.

होतं ते असं. स्टेनलेस स्टील गंजाला दाद देत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. किमान साडेदहा टक्के क्रोमियम असलं की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा धरतो. ओरखडा पडला तरी हवा लागून पुन्हा धरतो. या पापुद्र्याचा खरा वैरी क्लोराइड. ते मिठात असतं, संडासाच्या ॲसिडातल्या हायड्रोक्लोरिक आम्लात असतं आणि मालवण-रत्नागिरी-पणजीच्या खाऱ्या वाऱ्यातही असतं. म्हणून किनाऱ्यालगतच्या गाड्यांच्या स्टेनलेस टोकांवरही चहा सांडल्यासारखे तांबूस डाग दिसतात. ॲसिडाने काळं झटक्यात जातं हे खरं, पण मागे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे राहतात आणि पुढचा गंज तिथूनच सुरू होतो. लोखंडी तारेची घासणी वेगळाच घोळ घालते. तिचे बारीक कण स्टीलमध्ये रुतून बसतात. पहिल्या पावसात ते गंजतात आणि बोल मात्र स्टीलला लागतो. लिंबू-मीठ तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ठीक, इथे नको.

‘चुंबक चिकटलं, म्हणजे स्टेनलेस नाही, फसवलं’ हेही खरं नाही. 304 जातीच्या स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही. पण सायलेन्सरसाठी सर्रास वापरलं जाणारं 409 स्टेनलेसच असतं आणि त्याला चुंबक झकास चिकटतं. त्यात क्रोमियम जेमतेम 11 टक्के, त्यामुळे वरवर तपकिरी गंज लवकर चढतो. तो दिसायला वाईट, पण पाइप सडला असं लगेच समजू नये.

क्रोमचा मुलामा असेल तर गोष्ट वेगळी. वरचा क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. खरखरीत पेस्टने दर रविवारी घासलंत, तर खालचं पिवळसर निकेल डोकावू लागतं आणि मग कुठल्याही पॉलिशने ते परत झाकलं जात नाही. एक घरगुती उपाय मात्र इथे खरोखर चालतो: ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवायचा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा कितीतरी मऊ, त्यामुळे गंजाचे ठिपके निघतात आणि क्रोमला चरे पडत नाहीत.

हे सगळं करण्याआधी बॅटरी मारून आत बघा. हल्ली बऱ्याच गाड्यांच्या बंपरवर दिसणारं चकचकीत टोक नुसतं प्लास्टिकचं असतं आणि खरा पाइप मागे जमिनीकडे वळवलेला असतो. प्लास्टिकला शाम्पूचं पाणी आणि मऊ फडकं पुरे.

सोनेरी, जांभळी, निळी झाक हा मळ नव्हे. तापल्यामुळे ऑक्साइडचा थर कमीजास्त जाड होतो, त्याचे ते रंग. साबणाने जात नाहीत. पॉलिशने जातात आणि गाडी तापली की परत येतात. मला तर ते आवडतात.

काम थंड गाडीवरच करायचं. तेलकटपणा काढणाऱ्या डीग्रीझरचे काही स्प्रे पेट घेणारे असतात. काजळी कोरडी खरवडू नये, ओली करावी आणि हातमोजे घालावेत. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2012 सालीच जाहीर केलं आहे. क्रम असा: आधी शाम्पूचं पाणी आणि जुना टूथब्रश, मग मेटल पॉलिश. वर साधं मेण लावून उपयोग नाही, कारण कार्नौबा मेण 80-85 अंशांना वितळतं.

पुसण्याआधी काळं कसलं आहे तेही पाहावं. थेट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनात नव्या गाडीलाही थोडी कोरडी काजळी धरते, ते नेहमीचंच. पण एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेल गाडीत काजळी अडवणारा डीपीएफ असतो. तिच्या टोकात दाट काळं साचत असेल तर फडकं बाजूला ठेवून मेकॅनिक गाठावा. बोटाला चिकट, तेलकट काळं लागलं तर इंजिन ऑइल जळत असण्याची शक्यता. पीयूसीच्या आदल्या दिवशी टोक चमकवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की मशीनची नळी पाइपच्या आत जाते, तिला बाहेरच्या चकाकीशी देणंघेणं नसतं. मायलेजही वाढत नाही.

सकाळी टोकातून पाणी ठिबकलं की पुष्कळ जण घाबरतात. एक लिटर पेट्रोल जळलं की वाफेच्या रूपात साधारण लिटरभर पाणी तयार होतं, सीएनजीत तर आणखी जास्त. थंड पाइपात या वाफेचं पाणी होतं. गाडी रोज भाजीपुरतीच काढली तर ते सुकत नाही आणि सायलेन्सर आतून सडतो. म्हणूनच बऱ्याच सायलेन्सरच्या पोटाला कंपनीनेच एक बारीक भोक ठेवलेलं असतं. ‘साहेब, लीकेज आहे’ म्हणून कोणी त्याला वेल्डिंग मारायला किंवा एम-सील लावायला निघाला तर आधी गाडीच्या पुस्तिकेत बघा आणि कंपनीचंच भोक असेल तर त्याला थांबवा.