विश्लेषण : डेटाबेसमधील ‘खोटा इंडेक्स’ काय असतो? तो बनवणारा शब्द माहितीपुस्तिकेत का सापडत नाही?

कोट्यवधी नोंदींचे टेबल, त्यावर रखडलेली क्वेरी आणि फोनवर ‘ॲप का चालत नाही’ म्हणून विचारणारे लोक. अशा वेळी डेटाबेस सांभाळणाऱ्याला पहिला उपाय सुचतो तो नवा इंडेक्स बनवण्याचा. पण त्याने फरक पडेलच, याची खात्री काय?

खरा इंडेक्स महाग का पडतो?

पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, तसाच हा प्रकार. सूचीमुळे हवी ती नोंद झटकन सापडते. मात्र ती तयार करताना अख्खे टेबल वाचावे लागते, डिस्कवर जागा जाते. ओरॅकलमध्ये ‘ऑनलाइन’ हा पर्याय दिला नाही, तर इंडेक्स पूर्ण होईपर्यंत त्या टेबलात नवी नोंद करता येत नाही की जुनी बदलता येत नाही. भर दुपारी चालू यंत्रणेवर हा प्रयोग कोण करणार? शिवाय इंडेक्स निरुपयोगी ठरला, तरी पुढच्या प्रत्येक नव्या नोंदीबरोबर त्याचीही देखभाल आलीच.

मग ‘नोसेगमेंट’ काय करतो?

ओरॅकलमध्ये ‘क्रिएट इंडेक्स’ आदेशाच्या शेवटी ‘नोसेगमेंट’ लिहिले, की इंडेक्सची फक्त व्याख्या नोंदवली जाते. डिस्कवर काहीच तयार होत नाही, त्यामुळे काम क्षणात उरकते. मग आपल्या सेशनपुरते अंडरस्कोअरने सुरू होणारे एक छुपे पॅरामीटर चालू करायचे आणि एक्सप्लेन प्लॅन पाहायचा. हा इंडेक्स खरा असता तर ऑप्टिमायझरने तो निवडला असता का, ते तिथे दिसते. क्वेरी किती सेकंदांत संपेल, हे मात्र कळत नाही. मिळतो तो अंदाजच.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये असेच काम ‘स्टॅटिस्टिक्स ओन्ली’ हा पर्याय करतो. दोन्ही शब्द कंपन्यांच्या स्वतःच्या ट्यूनिंग साधनांच्या वापरातले. ग्राहकांसाठीच्या माहितीपुस्तिकेत ते नसल्याने पुढच्या आवृत्तीत ते चालतीलच, असे वचन कोणी दिलेले नाही.

धोका कुठे?

विसरण्यात. ओरॅकलमधला खोटा इंडेक्स ‘यूजर ऑब्जेक्ट्स’च्या यादीत दिसतो, पण ‘यूजर इंडेक्सेस’च्या यादीत दिसत नाही. महिन्यांनंतर दुसरा कोणी त्याच नावाने खरा इंडेक्स बनवायला गेला, तर नाव आधीच वापरात असल्याची एरर येते आणि इंडेक्सच्या यादीत तर काहीच सापडत नाही. तो रिबिल्ड करू पाहिल्यास ‘ओआरए-08114’ ही एरर येते : खोटा इंडेक्स बदलता येत नाही. जे पुस्तिकेत छापले नाही, ते एररने कबूल केले म्हणायचे! उपाय साधा आहे : तपासणी संपताच तो ड्रॉप करणे.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये ट्यूनिंग ॲडव्हायजर मध्येच बंद पडला, तर ‘_डीटीए_इंडेक्स_’ अशा नावांचे अवशेष मागे राहू शकतात. ‘सिस.इंडेक्सेस’मधल्या ‘इज हायपोथेटिकल’ या रकान्यात 1 दिसला, की ते ओळखता येतात.

अधिकृत पर्याय आहे का?

ओरॅकल 11जीपासून ‘इन्व्हिजिबल’ इंडेक्स आहे. तो माहितीपुस्तिकेत आहे, पण तो प्रत्यक्ष बांधला जातो, म्हणजे वेळ आणि जागा गेलीच. पोस्टग्रेएसक्यूएलच्या ‘हायपोपीजी’ या मुक्तस्रोत एक्स्टेन्शनची सोय त्याहून सरस वाटते. त्यातला काल्पनिक इंडेक्स फक्त आपल्या कनेक्शनच्या मेमरीत राहतो, इतरांना दिसत नाही आणि कनेक्शन तुटताच नाहीसा होतो.