मुलाखतीला सामोरे जाताना...

नवी मुंबई, प्रतिनिधी - ऐरोली, महापे येथील कंपन्यांत मुलाखतीला निघालेल्या अनेक उमेदवारांची पहिली परीक्षा वक्तशीरपणाची असते. २००४ मध्ये सुरू झालेल्या ठाणे-वाशी रेल्वेने ऐरोली गाठता येते. महापेसाठी मात्र घणसोली किंवा कोपरखैरणे येथे उतरून पुढे रिक्षा करावी लागते. प्रवेशद्वारावरील नोंदणीचा वेळ धरून अर्धा तास आधी पोहोचावे. पोशाख साधा, स्वच्छ असावा; मूळ प्रमाणपत्रे क्रमाने लावावीत. अर्जातील प्रत्येक ओळीवर प्रश्न येऊ शकतो, हे ध्यानात ठेवावे. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी इंग्रजीचा न्यूनगंड न बाळगता छोटी, स्पष्ट वाक्ये बोलावीत. उत्तर ठाऊक नसल्यास तसे नम्रपणे सांगावे. ठोकून दिलेले उत्तर पुढच्याच प्रश्नाला उघडे पडते आणि खऱ्या उत्तरांवरचाही विश्वास उडतो.