परमहंस सभेचे सभासद व लोकापवाद

एकोणिसाव्या शतकांतील मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित गृहस्थांच्या चरित्रांत "हे परमहंस सभेचे सभासद होते" असें वाक्य वारंवार आढळतें. त्यास आधार काय, असें विचारूं गेल्यास बहुधा दुसऱ्या एका चरित्राकडे बोट दाखविण्यांत येतें, व त्या दुसऱ्या चरित्रकाराचा आधार पाहूं जातां तो ऐकीव निघतो. जुने कागद जमविणाऱ्या मंडळींच्या हातीं नांवांच्या याद्या नेहमींच येतात. त्यांपैकीं एखादी परमहंसांची असावी असा मोह पडणें स्वाभाविक आहे. त्या मोहास कितपत थारा द्यावा हें ठरविण्यापूर्वीं या सभेंत प्रवेश कसा होत असे व लोक तिजकडे कोणत्या दृष्टीनें पाहत, हें नीट समजून घेतलें पाहिजे.

सभेचा पूर्ववृत्तांत थोडक्यांत असा. व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर हे सुरतेस शिक्षणखात्यांत असतां दुर्गाराम मंछाराम प्रभृतींच्या साहाय्यानें १८४४ सालीं तेथें मानवधर्म सभा स्थापन झाली. ही सभा उघड भरत असे. मांत्रिकांस तिनें जाहीर आव्हान दिलें होतें. पुढें दादोबा मुंबईस आले आणि १८४९ सालीं परमहंस सभा निघाली. तिचे अध्यक्ष राम बाळकृष्ण जयकर. दादोबांचे बंधु डॉ. आत्माराम पांडुरंग हेही तींत होते. मुंबईच्या सभेनें मात्र सुरतेच्या उलट वाट धरली. ती गुप्त राहिली, व पुरेसें संख्याबळ जमल्यावांचून प्रकट होऊं नये असा तिच्या चालकांचा विचार होता.

सभेचीं तत्त्वें दादोबांच्या लेखणींतून उतरलीं. ईश्वर एक, मनुष्यमात्राची जात एक, कोणत्याही धर्माची निंदा करावयाची नाहीं, परंतु आपला ग्रंथ ईश्वरदत्त व म्हणून अचूक आहे असें म्हणणारा कोणताही धर्म स्वीकारावयाचा नाहीं. आरंभीं व शेवटीं मराठींतून प्रार्थना होई. एवढ्यावर कोणी कोणास वाळींत टाकलें नसतें. अद्वैताचा अभ्यास केलेला एखादा शास्त्री यांपैकीं निम्म्या गोष्टी हसतमुखानें मान्य करता. खरी मेख होती ती प्रवेशविधींत. नव्या सभासदानें जातिभेद न मानण्याची प्रतिज्ञा करावयाची, आणि किरिस्तांवाच्या हातचा पावाचा तुकडा खाऊन मुसलमानानें आणलेलें पाणी प्यावयाचें.

हा विधि केवळ धैर्याची परीक्षा नव्हता. ज्यानें तो तुकडा खाल्ला तो त्या काळच्या आचाराप्रमाणें त्याच क्षणीं पतित झाला. आणि समोर बसलेला प्रत्येक जण तसाच पतित झालेला होता. म्हणजे प्रत्येकाची अब्रू इतर सर्वांच्या हातीं ओलीस राही. सभेचा बंधुभाव मोठा होता याविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण त्या बंधुभावाची एक गांठ भीतीनें मारलेली होती, हें सांगितल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाहीं.

'परमहंस' हें नांवही विचार करण्यासारखें आहे. वर्णाश्रमाच्या बंधनांपलीकडे गेलेल्या संन्याशास आपले शास्त्रकार परमहंस म्हणतात. संन्याशानें भेद सोडला तर लोक पाया पडतात. त्याच लोकांच्या शेजारीं राहणाऱ्या संसारी कारकुनानें किंवा मास्तरानें तो सोडला तर न्हावी, भट व पाणक्या त्याच दिवशीं बंद. जुन्या कागदांत 'परमहंस' शब्द आला म्हणजे तो कोणता, हें आधीं पाहावें. मठाच्या दप्तरांतील परमहंसाचा या सभेशीं कांहीं एक संबंध नाहीं.

ग्रामण्याची धास्ती केवढी होती याची कल्पना श्रीपाद शेषाद्रि परळीकर प्रकरणावरून येते. मिशनऱ्यांच्या घरीं राहिलेला हा ब्राह्मणाचा अल्पवयी मुलगा १८४३ सालीं न्यायालयाच्या निकालानें बापाच्या ताब्यांत आला. त्यास प्रायश्चित्त देऊन जातींत घ्यावें म्हणून बाळशास्त्री जांभेकरांसारख्या विद्वानानें खटपट केली. तीवरून मुंबईंत तट पडले व साह्य करणाऱ्यांवरच बहिष्काराचें संकट कोसळलें. मुलाची ही कथा. मग जाणून-बुजून पाव खाणाऱ्या प्रौढांची काय? बहिष्कृत पुरुषाचें एकट्याचें नुकसान होत नसे. मुलीचें लग्न अडे, बहिणीचें माहेर तुटे, बापाच्या श्राद्धास ब्राह्मण मिळत नसे. सभेचे सभासद सर्व पुरुष होते. दंड मात्र घरांतील बायकांनीं भरावयाचा होता, आणि त्यांस कोणी विचारलेलें नव्हतें. ही बाजू सभेविषयीं लिहिणारे क्वचितच मांडतात.

याच मुंबईंत १८४३ सालीं डॉ. जेम्स बर्न्स यांनीं एतद्देशीय लोकांस प्रवेश मिळावा म्हणून फ्रीमेसन पंथाची 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज उघडली. पारशी गृहस्थ तींत आरंभापासून शिरले. हिंदूंविषयीं त्या पंथाचे अधिकारी बराच काळ साशंक होते. कलकत्त्याचे प्रसन्नकुमार दत्त यांस अनेक वर्षांच्या झगड्यानंतर १८७२ सालीं प्रवेश मिळाला. मेसनांविषयींही लोकांच्या कल्पना विलक्षण होत्या. उत्तर हिंदुस्थानांत त्यांच्या वास्तूस 'जादूघर' म्हणत. तरी दोन्ही संस्थांत मोठा भेद आहे. मेसन आपला विधि लपवितो, नांव लपवीत नाहीं. कमरेस चामड्याचें आवरण बांधून तो कोनशिलेच्या समारंभास भर रस्त्यानें जातो. परमहंसाचें याच्या अगदीं उलट. त्याच्या विधींत जादू कसलीच नव्हती; लपवावयाचें होतें तें नांव. म्हणूनच मेसनांच्या पटाची चोरी झाली तरी कोणाचें घर बुडालें नसतें, व परमहंसांचें सर्वस्व त्या एका पटांत सांठलेलें होतें.

बाहेरच्या लोकांस सभेची कुणकुण लागलेली होतीच. हे लोक अर्धे किरिस्तांव आहेत, अशी सनातनी मंडळींची समजूत. आणि बाबा पदमनजी हे सभेंत येऊन गेलेले गृहस्थ १८५४ सालीं खरोखरच ख्रिस्ती झाले, तेव्हां त्या समजुतीस पुरावाच मिळाल्यासारखें झालें असल्यास नवल नाहीं. पदमनजींनीं 'अरुणोदय' या आत्मचरित्रांत सभेची हकीकत दिली आहे. आंतल्या माणसाची साक्ष म्हणून तिचें मोल मोठें. पण ती सभा सोडून दुसरीकडे स्थिरावलेल्या माणसाची साक्ष आहे, हें वाचतांना विसरतां कामा नये.

१८६० सालीं सभेचे कागद चोरीस गेले. त्यांत सभासदांचीं नांवें होतीं. यादी फुटणार या भीतीनेंच सभासदांचा धीर सुटला व सभा मोडली. अकरा वर्षांचा उद्योग एका बाडाबरोबर गेला. ही भीति वृथा होती असें आम्हांस वाटत नाहीं. तीस वर्षांनंतर, १८९० सालीं, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें चहा घेतलेल्या मंडळींचीं नांवें 'पुणें वैभव' पत्रांत छापलीं गेलीं, आणि न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य उभें राहिलें. तेथें तर कोणी कसलीही प्रतिज्ञा केलेली नव्हती. एक पेला चहा व छापलेलीं नांवें एवढ्यानें काम भागलें.

सभा मोडली तरी नांव लपविण्याची रीत एकदम गेली नाहीं. तुकाराम तात्या पडवळ यांचा 'जातिभेदविवेकसार' १८६१ सालीं 'एक हिंदु' या नांवानें निघाला. दादोबांचें 'धर्मविवेचन' १८६८ सालीं छापलें गेलें तेंही लेखकाचें नांव न घालतां. मध्यंतरीं १८६७ सालीं डॉ. आत्माराम पांडुरंग व त्यांच्या मित्रांनीं प्रार्थनासमाज काढला. तो उघड होता, परंतु जातिभेद मोडण्याची सक्ति त्यानें सभासदांवर ठेविली नाहीं. गुप्त सभेची अट कडक होती, प्रकट समाजाची सैल झाली. पहिल्या सभेच्या अंतावरून हा धडा घेतला गेला असें आमचें अनुमान आहे.

आतां संग्राहकांच्या प्रश्नाकडे वळूं. चोरीस गेलेल्या यादीचा शोध करणाऱ्यांनीं एक गोष्ट लक्षांत घ्यावी. १८४८ सालीं एल्फिन्स्टन विद्यालयाच्या विद्यार्थ्यांची साहित्य व शास्त्रविषयक सभा निघाली, व तिची मराठी शाखा ज्ञानप्रसारक सभा या नांवानें चालत असे. तेथील मंडळी व परमहंस मंडळी एकाच वयाची, एकाच शाळांतून निघालेली. कांहीं माणसें दोन्हीकडे असणें अगदीं संभवनीय. तेव्हां १८५० च्या सुमाराची, ओळखीच्या सुधारकांचीं नांवें असलेली, वर्गणीचे आंकडे घातलेली यादी सांपडली तर ती प्रथम ज्ञानप्रसारक सभेची किंवा एखाद्या मासिकाच्या वर्गणीदारांची समजावी. पावाचा अगर प्रतिज्ञेचा उल्लेख, राम बाळकृष्णांची अध्यक्ष म्हणून सही, किंवा सभेची प्रार्थना त्याच हस्ताक्षरांत जोडलेली असणें, यांपैकीं कांहीं तरी असल्यावांचून तीस परमहंसांची म्हणूं नये.

नांवें प्रसिद्ध करावीं कीं नाहीं, असा संकोच कांहीं घराण्यांत अजून आढळतो. आमच्या मतें आतां तीं झांकून ठेवण्याचें प्रयोजन उरलेलें नाहीं. ज्यांस त्यांपासून अपाय झाला असता तीं माणसें व तें ग्रामण्य दोन्ही गेलीं. मात्र प्रत्येक नांवापुढें आधार लिहावा: स्वतःची कबुली, सहसभासदाची साक्ष, कीं नुसती आख्यायिका. अ. का. प्रियोळकर यांनीं दादोबांचें चरित्र १९४७ सालीं व परमहंस सभेवरील स्वतंत्र पुस्तक १९६६ सालीं प्रसिद्ध करून या कामाचा पाया घातला आहे. १८६० पूर्वींच्या बाडांत मराठी प्रार्थनेचें पान आढळल्यास तें सुटें काढून चौकटींत बसवूं नये. त्याच्या मागचीं-पुढचीं पानें, शिवण व वेष्टनाचा कागद जसेच्या तसे ठेवावे, कारण नांवें बहुधा त्याच बाडांत, दुसऱ्या कोणत्या तरी मथळ्याखालीं लिहिलेलीं असण्याचा संभव आहे.