फॉरमॅट मारू का?

लॅपटॉप बसला की पहिला सल्ला ठरलेला. पण त्याआधी दोन वाटा आहेत, आणि तुमचा डेटा नेमका कुठे आहे त्यावर कुठली धरायची ते ठरतं.

ऑफिसमध्ये कुणाचाही लॅपटॉप बसला की आजूबाजूच्या चार खुर्च्यांवरून एकच सल्ला येतो, ‘फॉरमॅट मार ना यार!’ पोट दुखतंय म्हटल्यावर ‘ओवा खा’ म्हणतात ना, तसंच. फरक इतकाच, की ओव्याने सहसा कुणाचं काही बिघडत नाही. फॉरमॅटने बिघडतं. आणि काय काय गेलं ते कळायला कधीकधी महिना जातो!

माझ्या एका मैत्रिणीवर गेल्या पावसाळ्यात ही वेळ आली. ती डहाणू रोडची. नोकरी अंधेरीत, एका टॅक्स कन्सल्टंटकडे. घरी मात्र स्वतःच्या लॅपटॉपवर गावातल्या अकरा जणांची खाती सांभाळते. चिकूचे व्यापारी, एक मेडिकल स्टोअर, बोर्डीचं एक छोटं रिसॉर्ट... २०१३ च्या एप्रिलमध्ये चर्चगेटची लोकल डहाणूपर्यंत धावायला लागली, आणि असं अर्धं मुंबईत, अर्धं गावात जगणं जरा सोपं झालं.

तारीख होती १८. जीएसटीचं थ्री-बी रिटर्न भरायचं २० पर्यंत. रात्री लॅपटॉपने अपडेट घ्यायला सुरुवात केली आणि मध्येच लाइट गेली. बॅटरी कधीचीच मेलेली. (गंमत बघा, मुंबईच्या उपनगरांसाठी १९९५ पासून वीज बनवणारं केंद्र याच डहाणूत आहे. पाऊस आला की अंधार मात्र गावातसुद्धा होतो!) सकाळी स्क्रीनवर फक्त गोल गोल फिरणारे ठिपके. ऑफिसच्या आयटीवाल्याने फोनवरच निकाल दिला, ‘फॉरमॅट करून टाक, दोन तासांचं काम आहे.’

मी तेव्हा तिच्याकडेच होते. आम्ही लॅपटॉप घेऊन स्टेशनजवळच्या एका रिपेअरवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी मशीनकडे बघितलंसुद्धा नाही. आधी विचारलं, ‘डेटा कुठाय?’

‘डेस्कटॉपवर. थोडा डॉक्युमेंट्समध्ये.’

‘टॅली वापरता?’

‘हो.’

‘मग टॅलीचा डेटा डेस्कटॉपवर नाही हो ताई.’

खरंच नव्हता. टॅलीप्राइम टाकताना आपण वेगळं काही सांगितलं नाही, तर ते कंपन्यांचा डेटा सी ड्राइव्हमध्ये यूझर्स, त्यात पब्लिक, त्यात टॅलीप्राइम अशा फोल्डरच्या पोटात ठेवतं. सॉफ्टवेअर उघडलं की कंपन्यांची यादी समोर येते, मग फोल्डर कोण बघतंय? आणि फॉरमॅटवाला घाईत असला तर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो एवढंच कॉपी करतो. अकरा जणांची तीन वर्षांची खाती त्या दोन तासांत गेली असती आणि हिला ते विसाव्या तारखेला कळलं असतं.

काकांनी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं, म्हणजे विंडोज न उघडता डिस्कमध्ये शिरता येतं. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप होतं. त्याची ४८ आकडी रिकव्हरी की मैत्रिणीच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये मोबाइलवर सापडली. टॅलीचा फोल्डर बाहेर काढून घेतला आणि त्यानंतरच काकांनी लॅपटॉपच्या रिकव्हरी मेनूतून सिस्टिम रिस्टोअर चालवलं, अपडेटच्या आधीच्या तारखेवर. चाळीस मिनिटांत विंडोज उघडलं. एन्ट्री सगळ्या जागच्या जागी!

म्हणजे रिस्टोअर बेस्ट? थांबा. इथेच लोकांची गल्लत होते. सिस्टिम रिस्टोअर २००० साली विंडोज एमईबरोबर आलं, पण ते काय करतं हे अजून अनेकांना माहीत नाही. ते विंडोजच्या फाइल्स, ड्रायव्हर, रजिस्ट्री आणि टाकलेले प्रोग्रॅम मागच्या तारखेला नेतं. तुमच्या एक्सेल शीट आणि फोटोंना हात लावत नाही. त्यामुळे चुकून उडवलेली शीट त्याने परत येत नाही. रोलबॅक आरएक्ससारखी स्नॅपशॉटवाली सॉफ्टवेअर मिळतात, ती अख्खी डिस्कच मागे नेतात. ऐकायला मस्त वाटतं. पण परवाच्या स्नॅपशॉटवर गेलात तर कालच्या एन्ट्रीही मागे जाणार, त्या आधी वेगळ्या काढून घ्याव्या लागतात. सायबर कॅफेच्या जमान्यातलं डीप फ्रीझ आठवतंय? रीस्टार्ट केलं की कॉम्प्युटर पहिल्यासारखा कोरा. कॅफेवाल्याला तेच हवं होतं. अकाउंटंटला कसं चालेल?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. रिस्टोअर पॉइंट त्याच डिस्कवर राहतात. डिस्क मेली की तेही मेले. आणि रॅन्समवेअर घुसलं तर अनेकदा ते आधी या मागच्या प्रतीच पुसतं, मग तुमच्या फाइल्सना कुलूप लावतं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत हे पॉइंट जास्तीत जास्त ६० दिवस टिकतात. शिवाय काही मशीनवर ही सोय बंदच असते. आज लंच टाइममध्ये सर्च करून बघा, ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’. प्रोटेक्शनपुढे ‘ऑफ’ दिसलं तर ऑन करा.

डिस्क किंवा अख्खं विंडोज गेलं तर उरते इमेज. म्हणजे पूर्ण डिस्कचा जसाच्या तसा साचा, विंडोज, सॉफ्टवेअर, सेटिंग, डेटा सगळ्यासकट, दुसऱ्या डिस्कवर ठेवलेला. आपल्याकडचे जुने हार्डवेअरवाले याला अजून ‘घोस्ट’ म्हणतात. घोस्ट हे सॉफ्टवेअर मूळचं न्यूझीलंडचं. सिमॅन्टेकने १९९८ मध्ये ते घेतलं आणि २०१३ मध्ये नॉर्टन घोस्टची विक्री थांबवली. नाव तेवढं राहिलं, आणि नावाला शोभेल असंच, नाही का! आज क्लोनझिला फुकट मिळतं, दिसायला रूक्ष पण काम चोख. घरच्या वापराला व्हीम एजंटची फुकट आवृत्ती सोपी जाते. मॅक्रियमची फुकट आवृत्ती बंद झाली. कंट्रोल पॅनेलमध्ये विंडोजची स्वतःची इमेजची सोय सापडते, पण मायक्रोसॉफ्टने ती केव्हाच मोडीत काढायच्या यादीत टाकलीय, तिच्या भरवशावर राहू नका.

इमेज कुठे ठेवायची, याची सगळ्यात महागडी गोष्ट आपल्या दारातच घडलीय. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाचा व्हायरस पसरला, आणि न्हावाशेव्याला जेएनपीटीमधलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. सुरुवात कुठून झाली होती? युक्रेनमधल्या एका टॅक्स-अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! मर्स्कच्या जगभरातल्या मशीन पडल्या. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले, असं कंपनीच्या अध्यक्षांनी २०१८ च्या जानेवारीत दावोसला सांगितलं. पण खरा पेच वेगळाच होता. अख्ख्या नेटवर्कमध्ये कोण कोण आहे आणि कुणाला कुठे शिरायची परवानगी आहे, हे सांभाळणारे त्यांचे सुमारे दीडशे सर्व्हर होते. प्रत्येकावर तोच डेटा, एकमेकांशी सतत सिंक होणारा. एक गेला तर बाकीचे आहेतच, असा हिशेब. झालं असं, की सगळे एकदमच गेले. वाचला फक्त घानामधला एक, कारण त्या वेळी तिथे लाइट गेली होती! नेटवर्कपासून तुटलेला, म्हणून शाबूत. त्याची डिस्क मग माणसांनी हातोहात विमानाने इंग्लंडला नेली.

सिंक आणि बॅकअप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यापेक्षा चांगलं कुणी समजावू शकणार नाही. तुमचं वन-ड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह हे त्या दीडशेतलंच. इथे फाइल बिघडली की तिथेही बिघडलेलीच जाते. जुनी आवृत्ती काही दिवस मागता येते, हे खरं. तरी इमेजची डिस्क काम झालं की यूएसबीतून काढून ठेवायची. आमच्या डहाणूच्या बाईसाहेब आता दर महिन्याच्या २१ तारखेला, रिटर्नं भरून झाली की इमेज घेतात आणि डिस्क आईच्या कपाटात, साड्यांखाली. खर्च विचाराल तर एका वीकेण्डच्या बोर्डी ट्रिपएवढा. मधल्या दिवसांसाठी टॅलीचा फोल्डर रोज पेन ड्राइव्हवर. कारण इमेजचं दुखणं हेच, की ती ज्या दिवशी घेतली त्या दिवसाची असते. आणि त्या दिवशी मशीनमध्ये व्हायरस असेल तर तोही साच्यात बसतो.

मग फॉरमॅट कधीच नको? असं नाही. व्हायरस घुसलाय आणि कधीपासून ते कळत नाही, लॅपटॉप विकायचाय, किंवा चार वर्षांच्या कचऱ्याने मशीन कासव झालंय... तर खुशाल मारा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे ११ वर जाताना पुष्कळांनी पाटी कोरी केली, तेही ठीकच. पण नुसतं मशीन उघडत नाही, हे कारण पुरेसं नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका बिघडलेल्या अपडेटने ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडल्या होत्या. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन फाइल उडवायची. त्या दिवशी घाबरून फॉरमॅट मारला असता, तर स्वतःच्या हाताने डेटा घालवला असता. आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर रिस्टोअर नको, फॉरमॅट नको, विंडोज परत परत चालू करून बघणंही नको. आधी तिची इमेज काढायची, बाकी सगळं नंतर.

फॉरमॅट ठरलाच, तर शुक्रवारी संध्याकाळी सुरू करा, रिटर्नच्या आदल्या दिवशी नाही. टॅली असेल तर लायसन्स आधी सरेंडर करावं लागतं. डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा ड्रायव्हर आणि जीएसटी पोर्टलचं एमसाइनर परत टाकावं लागतं. आउटलुकची पीएसटी फाइल, ब्राउझरमधले पासवर्ड, बँकेच्या स्टेटमेंट्सचा डाउनलोड फोल्डर, फॉण्ट. आणि बिटलॉकरची ती ४८ आकडी की कागदावर उतरवून घ्या. लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका मात्र.